मदत हवी आहे: डांबर, मुरूम आणि खडी एकाच टप्प्यात, टायरमध्ये हवा किती ठेवू?

मंडळी,

डिसेंबरात आमच्या ग्रुपची तीन दिवसांची ग्रॅव्हल (कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरची) सायकल शर्यत आहे. बक्षीस वगैरे काही नाही, शेवटी येणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची एवढंच. पहिला आणि तिसरा दिवस निभेल. झोप उडवली आहे ती दुसऱ्याने: नाशिक, गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, आंबोली, त्र्यंबक आणि अंजनेरीवरून परत. घाट डांबरी आहे. पण त्याआधी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडचा मुरूम, मग द्राक्षबागांमधले शिवरस्ते, आणि हरसूलच्या पुढे खडी टाकून सोडून दिलेला एक तुकडा.

सायकल ग्रॅव्हल, ४० मिमी टायर, आत ट्यूब. पुढे पेडलपाशी एकच ४० दाती चेनरिंग (साखळीचं चक्र), मागे ११ ते ४२ दातांची चक्रं. माझं वजन ७८ किलो.

५० पीएसआय दाब ठेवला की डांबरावर मजा येते, पण खडीवर पुढचं चाक उड्या मारतं आणि मनगटं बधिर होतात. ३० वर आणलं तर पकड छान, मात्र धारदार दगडावर आदळलं की ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा. दुकानदार म्हणतो, सरळ एमटीबी (माउंटन बाइक) घ्या. (त्याला विकायचीच आहे!)

ट्यूबलेस करावं का? आणि मुरमाच्या उतारावर पुढचं चाक घसरतं, त्याला काय करायचं?

प्रतिसाद १

ट्यूबलेस कराच. त्या दोन चिरा रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटल्यामुळे पडतात. ट्यूबच नसेल तर हवा कमी ठेवता येते. मागे ३५, पुढे ३२ पासून सुरुवात करा. मात्र रिम ट्यूबलेसची आहे का ते आधी बघा, साध्या रिमवर हा उद्योग नको.

आपल्याकडे खरा वैरी बाभळीचा काटा. सीलंट (ट्यूबलेस टायरच्या आत ओतायचा चिकट द्रव) त्याचं भोक बुजवतं, पण काटा टायरमध्ये तसाच राहतो. पुढे मोठी चीर पडून ट्यूब टाकायची वेळ आली, तर आधी आतून फडकं फिरवून सगळे काटे उपटा. नाहीतर नवी ट्यूब बसवल्या बसवल्या फुस्स. बोट फिरवू नका, रक्त निघतं.

प्रतिसाद २

उताराचं सांगतो. हात ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), बूड थोडं मागे, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच म्हणून समजा. नजर चाकापुढच्या दगडावर नको, वळणाच्या शेवटी ठेवा.

आणि बागांमध्ये ठिबक फुटून काळी माती ओली झाली असेल तर मुकाट्याने उतरा, सायकल खांद्यावर घ्या. ढकलत नेलीत तरी माती फ्रेम आणि टायरच्या मध्ये बसते, मग चाक फिरतच नाही. आम्ही बागेतलीच छाटलेली काडी घेऊन खरवडत बसतो.

धागाकर्ता

धन्यवाद दोघांनाही. रिमवर ट्यूबलेसचा शिक्का सापडला. सीलंट किती ओतू?

प्रतिसाद १

४० मिमीला चाकामागे ६० मिली, काट्यांसाठी थोडं जास्तच. आत्ता भरलंत तर शर्यतीच्या आदल्या आठवड्यात उघडून बघा, आपल्या उन्हात वाळतं.