बँकेचं व्हॅल्युएशन ७ लाखांनी कमी आलं, टोकन देऊन बसलोय, आता काय करू?

भाड्याचं_घर_पुरे

नमस्कार मंडळी, घर पहिल्यांदाच घेतोय आणि इथे लिहितेय पण पहिल्यांदाच, पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

पुण्यात वडगाव बुद्रुकला सिंहगड रोडपासून जरा आत एक टू बीएचके रिसेलला बघितला, २०११ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट, कव्हर्ड पार्किंग. मालक काका-काकू मुलाकडे बंगलोरला कायमचे चाललेत म्हणून विकतायत. ७२ सांगत होते, घासाघीस करून ६८ ला ठरलं, १ लाख टोकन दिलं आणि विसारपावती केली. आमचं गणित असं होतं की ६८ च्या ८० टक्के म्हणजे ५४ लाख ४० हजार लोन, वरचे १३ लाख ६० हजार आपले, शिवाय ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी ४ लाख ७६ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार आणि एजंटचा १ टक्का. एवढे कसेबसे जमतात, तेही माझा पीएफ धरून.

मागच्या गुरुवारी बँकेकडून एक मुलगा मोजायला आला. १५ मिनिटं पण नसेल थांबला. लाल लाइट पडतो तसल्या मशीनने खोल्या मोजल्या, लाइटच्या मीटरचा, दारावरच्या पाटीचा, लिफ्टचा फोटो काढला, हॉलच्या पुढच्या भागात जाऊन तिथल्या स्लायडिंगवर उगाच टकटक केलं आणि निघाला. काकूंनी टाकलेला चहा पण अर्धा ठेवून गेला. आणि काल बँकेतून फोन, "मॅडम, टेक्निकल ६१ आलंय."

६१!! बँकेने घराची किंमतच तेवढी धरली, म्हणजे लोन ४८ लाख ८० हजार. ५ लाख ६० हजारांचा खड्डा कुठून भरायचा? नवरा म्हणतोय आपल्याला मालकाने गंडवलं, सासरे म्हणतायत बँकवाल्यांना काय कळतंय, एजंट म्हणतोय टेन्शन नका घेऊ दुसऱ्या बँकेत टाकू. त्यात सोसायटीतल्या एकाने सांगितलं की रेडी रेकनरने (सरकारी दराने) फक्त ५५ च येतात. मग घराची खरी किंमत ५५, ६१ का ६८? विसारपावतीत ४५ दिवसांत साठेखत (विक्रीचा करार) करायचं असं आहे आणि नाही केलं तर टोकन जप्त. लोन कमी आलं तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. दोन रात्री झोप नाहीये.

ठाणेकर_९

आमचं पण असंच झालं होतं, ४ लाखांनी कमी. मी दोन दिवस व्हॅल्युअरला शिव्या दिल्या, मग तोच आकडा मालकाला दाखवला तर तो दीड लाख उतरला, उरलेल्यासाठी बायकोच्या बांगड्या ठेवल्या. पर्सनल लोन घेऊन मार्जिन (आपल्या वाट्याचे पैसे) भरायच्या फंदात मात्र पडू नका, तो हप्ता पण बँक मोजते आणि होमलोनची एलिजिबिलिटी अजून खाली येते.

टेप_आणि_डिस्टो

ताई, तो अर्धा चहा टाकून जाणारा पोरगा म्हणजे मीच समजा (तुमचा नव्हे, पण ८ वर्षं हेच करतोय). दिवसाला सहा-सात साइट असतात, कात्रजवरून निघून वाघोली गाठायची असते, प्रत्येक घरी चहा घेतला तर संध्याकाळी घरी पोचणार नाही. तर राग सोडा आणि मी सांगतो ते बघा.

पहिलं, ६१ हा नक्की कुठला आकडा ते विचारा. आमच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा तीन आकडे असतात, फेअर मार्केट व्हॅल्यू, मग रिअलायझेबल म्हणजे जरा घाईत विकलं तर, आणि शेवटी डिस्ट्रेस म्हणजे बँकेने जप्त करून विकलं तर. खालचे दोन कमी असतातच. फोनवर सांगणाऱ्या एक्झिक्युटिव्हने चुकीची ओळ वाचली असं मी स्वतः बघितलंय, हसू नका.

दुसरं, तो स्लायडिंगवर टकटक का करत होता ते तुमच्या लक्षात नाही आलं पण मला इथे बसून कळलं. ते हॉलमध्ये घेतलेलं टेरेस आहे. त्या काळातल्या बिल्डिंगांना हॉलला लागून टेरेस असायचं, बिल्डर त्याचे पण पैसे सेलेबलमध्ये (ज्या एरियावर घर विकतात त्यात) लावायचे, मग लोकांनी स्लायडिंग लावून आत घेतलं, भिंत तोडून टाइल एक केली. मंजूर नकाशात ते अजून टेरेसच आहे. आम्हाला नकाशाप्रमाणे जावं लागतं, ते खोली म्हणून धरता येत नाही, काही बँका शून्य धरायला लावतात.

तिसरं, तुमच्या डोक्यात सेलेबल एरिया आहे का कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा)? एजंट सेलेबलवर बोलतो, आम्ही कार्पेट मोजतो आणि त्यावर थोडं लोडिंग (भिंती, जिना वगैरेसाठी वाढवलेले फूट) धरून रेट लावतो. उदाहरण सांगतो, कार्पेट ६३८ फूट भरलं, २० टक्के लोडिंग धरून ७६६, रेट ७,७००, झाले ५८ लाख ९८ हजार, वर पार्किंगचे २, आलं ६१ लाखाच्या आसपास. तुमचं असंच असेल असं नाही पण साधारण असंच निघतं.

चौथं, फर्निचर. मालक सांगतो मॉड्युलर किचन आहे, वॉर्डरोब आहेत, एसी ठेवून जातो, त्याचे ४-५ लाख किमतीत धरलेले असतात. बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्य. बँक भिंती आणि जागा बघते, ट्रॉल्या नाही.

आता तुम्हीच बघा ७ लाखात टेरेस किती आणि ट्रॉल्या किती. मला तरी यात गंडवागंडवी दिसत नाही, तुम्ही ज्या गोष्टींचे पैसे देताय त्यातल्या काही गोष्टींवर बँक कर्ज देत नाही, एवढंच.

सेटिंग_मास्टर

मॅडम एवढं कशाला, व्हॅल्युअर मॅनेज होतो. तुमच्या एजंटला सांगा ना, त्याचं काम आहे ते.

टेप_आणि_डिस्टो

@सेटिंग_मास्टर होतो ना, होतो. आणि मग तोच रिपोर्ट रिव्ह्यूला गेला की पोरगं पॅनलवरून (बँकेच्या व्हॅल्युअरच्या यादीतून) जातं आणि फाइल रिजेक्ट होते ती वेगळीच. आणि मॅनेज करून ताईंना काय मिळणार तर ६१ च्या घरावर ५४ लाखांचं कर्ज. हप्ता तुम्ही भरणार आहात का?

कागदपत्र_काका

३४ वर्षं सरकारी नोकरी झाली, आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे, एनओसी देता देता बरंच बघितलंय, म्हणून चार शब्द.

ते ५५, ६१ आणि ६८ हे तीन आकडे एकमेकांशी भांडत नाहीयेत. ५५ हा सरकारचा, म्हणजे रेडी रेकनर, तो स्टॅम्प ड्युटीसाठी. ६१ बँकेच्या व्हॅल्युअरचा. ६८ तुमच्या दोघांत ठरलेला. सरकार करारातली किंमत आणि रेकनर यातला जास्त आकडा पकडून ड्युटी घेतं, बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातला कमी आकडा पकडून कर्ज देते. दोघंही आपापल्या सोयीचं बघतात, तुम्ही मध्ये. त्यामुळे ५५ ऐकून घाबरायचं कारण नाही.

८० टक्क्यांचं बँकेच्या मनावर नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० च्या वर ७५ पर्यंत ८०, त्याच्या वर ७५. यात स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत (घर १० लाखांच्या आतलं असेल तरच धरतात, ते पुण्यात कुठे मिळतं देव जाणे). म्हणजे मॅनेजरच्या पुढे रडून ८० चे ९० होणार नाहीत, व्हॅल्युएशनचा आकडा बदलला तरच कर्ज बदलेल.

आणि तो आकडा बदलायचा सरळ रस्ता आहे. त्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात झालेल्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) मिळवा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, मोफत. साइट चालू असेल त्या दिवशी चालते. दोन-तीन चांगल्या रेटचे सापडले तर बँकेत लेखी अर्ज द्या की व्हॅल्युएशनचा फेरविचार करा, सोबत हे, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि पार्किंगचं अलॉटमेंट लेटर जोडा. मालकाने नकाशाची झेरॉक्सची झेरॉक्स दिली असेल तर महापालिकेतून नीट कॉपी काढायला लावा. पार्किंगचं लेटर नसलं तर व्हॅल्युअर ते धरतच नाही, हे आमच्याच सोसायटीत दोनदा झालंय.

एक गोम आहे, इंडेक्स टूवर कमी किमती दिसल्या तर चकित होऊ नका. बरेच लोक थोडे वर आणि थोडे टेबलाखालून करतात, मग रजिस्टरला रेट कमी दिसतो आणि त्याचा फटका तुमच्यासारख्या पूर्ण चेकने घेणाऱ्याला बसतो. उद्या मालकच म्हणाला की करार ६१ चा करू आणि ७ रोख द्या, तर सरळ नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. आणि तुम्ही पुढे विकायला निघालात की तुमची खरेदी कागदावर ६१ चीच राहणार, वरच्या ७ लाखांवर टॅक्स तुम्ही भरणार.

विसारपावतीचं मात्र चुकलंच. "अपेक्षित कर्ज मंजूर न झाल्यास टोकन बिनव्याज परत" ही एक ओळ टाकून घ्यायला हवी होती. अजूनही पुरवणी लिहून घेता येते, मालक सज्जन दिसतायत, चहा करणारी माणसं सहसा टोकन खात नाहीत. आणि ५० लाखांच्या वरचा व्यवहार आहे, १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचाय, एजंट आयत्या वेळी सांगतात.

रेडिंगची_वहिनी

मी इंग्लंडला असते, इकडे याला डाउन व्हॅल्युएशन म्हणतात आणि रडारड अगदी हीच. आमच्या वेळी तर सर्व्हेअर घरात आलाच नाही, कॉम्प्युटरवर बसून आजूबाजूचे विक्रीचे आकडे बघून ठोकून दिलं. एक बरं आहे, इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं, टोकन-बिकन जात नाही, सर्व्हे आणि वकिलाचे पैसे मात्र बुडतात. स्कॉटलंडला तर घर विकणाऱ्यालाच आधी होम रिपोर्ट करून ठेवावा लागतो, त्यात व्हॅल्युएशन असतं, बोली लावायच्या आधीच आकडा समोर. आपल्याकडे रिसेलला असं का नाही करत कळत नाही. धीर धर गं, होईल.

ठाणेकर_९

दुसऱ्या बँकेबद्दल कुणी बोललंच नाही. टाकता येतं, पण प्रोसेसिंग फी आणि टेक्निकल-लीगलचे (व्हॅल्युएशन आणि कागदपत्रं तपासायचे) पैसे परत भरावे लागतात आणि बऱ्याचदा त्याच भागातला तोच व्हॅल्युअर दोन्ही बँकांच्या पॅनलवर असतो, मग तोच मुलगा परत येतो आणि तोच आकडा देतो. टाकणार असाल तर आधी फक्त टेक्निकल करा, लीगल नंतर, असं सांगून टाका, काही बँका ऐकतात.

भाड्याचं_घर_पुरे

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, अपडेट द्यायला १२ दिवस लागले, सॉरी.

@टेप_आणि_डिस्टो दादा तुम्ही ज्योतिषी आहात का? रिपोर्टची कॉपी दिली नाही पण बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन फिरवून दाखवली. ६१ हीच फेअर मार्केट व्हॅल्यू होती, आणि टेरेससमोर "एन्क्लोज्ड, नॉट कन्सिडर्ड". फर्निचरचा तर उल्लेखच नाही. पार्किंगच्या पुढे पण शून्य, कारण लेटर जोडलेलंच नव्हतं! काकांच्या कपाटात, एलआयसीच्या फाइलमध्ये सापडलं ते, २०११ चं, बिल्डरच्या सहीचं. इंडेक्स टू एकच उपयोगी मिळाला, बाकीचे दोन खालच्या रेटचे निघाले, ते अर्थातच नाही जोडले. फेरविचारात ६२ लाख ५० हजार झालं. म्हणजे लोन ५० लाख.

मग रविवारी काका-काकूंकडे गेलो. मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं तू फक्त पोहे खा, बोलू नकोस. काकांना आधी राग आला, "बँकेला आमच्या घराची किंमत नाही" वगैरे, टेरेस आत घ्यायला २०१३ मध्ये पावणेदोन लाख घातले होते म्हणाले. मी म्हटलं काका, मला ते टेरेस आवडलंय म्हणूनच तर घर घेतेय, पण त्याच्यावर मला कुणी कर्ज देत नाही. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकूच आतून म्हणाल्या, अहो वॉशिंग मशीन, फ्रीज आणि दोन एसी नेऊ आपण बंगलोरला, आणि कमी करा. शेवटी ६५ लाख ५० हजारला आलं आणि विसारपावतीवर नवीन किंमत, ३० दिवस वाढवून आणि टोकन परतीची ओळ असं सगळं लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

आता साडेपंधरा लाख आपले आणि ड्युटी ४ लाख ५८ हजार. आधीच्या गणितापेक्षा अजून पावणेदोन लाख जास्त लागतायत. घर एकट्या माझ्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का म्हणजे ६५ हजार वाचतात असं कळलं पण मग नवऱ्याला हप्त्यावर टॅक्सची सूट मिळणार नाही, त्यावर घरात अजून चर्चासत्र चालू आहे. सासरे एफडी मोडतो म्हणतायत, ज्यांना बँकवाल्यांना काहीच कळत नाही असं वाटत होतं तेच.

हॉलमधला झोपाळा मात्र काकू नेणार आहेत. तेवढ्यावर त्या अजिबात ऐकायला तयार नाहीत.

टेप_आणि_डिस्टो

पार्किंग लेटर सापडलं हे बेस्ट झालं. आणि छताचा हूक काढू देऊ नका, नंतर टाकायला लय ताप असतो.