‘निभावली’, ‘वठली’, ‘संयत’: अभिनेत्रीच्या कौतुकातले शब्द

(गोव्यातल्या चौघांची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी गाव दिलं आहे.)

फोंडा: देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकाचं परीक्षण लिहायचं आहे. नायिकेसाठी ‘भूमिका उत्तम निभावली’ चालेल का? आणि ‘संयत अभिनय’ नेमका कशाला म्हणायचं?

म्हापसा: ‘निभावली’ टाळा. मराठीत निभावणं म्हणजे अडचणीतून पार पडणं. ऐनवेळी बदली आलेल्या अभिनेत्रीने प्रयोग तारून नेला, तर हा शब्द चपखल. एरवी स्तुती उणी पडते. ‘वठवली’ लिहा. वठणं म्हणजे ठसा नीट उमटणं. ‘भूमिका वठली’ किंवा ‘तिने भूमिका वठवली’. ‘तिने भूमिका वठली’ हे चूक. ‘अभिनेत्री वठली’ तर कधीच नको. झाड वठतं तेव्हा ते वाळतं.

मडगाव: ‘संयत’चा फार गैरवापर होतो. हळू बोलली, हातवारे केले नाहीत, की झाला संयत! आवेग आतून उसळतोय आणि तो आवरलाय, हे दोन्ही प्रेक्षकाला कळलं तरच संयत. आवेगच पोहोचला नसेल तर त्याला थंड म्हणावं. जागा सांगा: मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून तिने पदराचं टोक मुठीत आवळलं आणि पुढचं वाक्य सरळ म्हटलं. एवढं लिहिलंत की विशेषणाची गरजही उरत नाही.

पेडणे: ‘शब्दफेक’सुद्धा असाच. खणखणीत आवाज म्हणजे फेक नव्हे. आवाज न चढवता वाक्याचं शेवटचं अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत जाणं, ही फेक. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, आणि श्वास संपतो तोही तिथेच. ‘मी त्याला ओळखत नाही’मधला ‘नाही’ गिळला की प्रसंगच उलटतो. मात्र देवळासमोरच्या मांडवात टांगते माइक असतात. त्यांच्यापासून दोन पावलं बाजूला गेलं की शब्द विरतो. तो दोष अभिनेत्रीच्या माथी मारू नका. एक अंक पुढे बसून पाहा, एक मागे.

म्हापसा: आणि ‘सात्त्विक अभिनय’ म्हणजे सोज्वळ बाईचा अभिनय नव्हे! आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनातला भाव शरीरावर आपोआप उमटण्याचा) या अभिनयाच्या चार प्रकारांतला तो एक. स्तंभ (जागीच खिळणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं) हे त्याचे आठ भाव. खलनायिकेचा अभिनयही सात्त्विक असू शकतो. लिहिताना ‘त्त्वि’ जपा.

फोंडा: संगीत नाटकात ‘गायन व अभिनय दोन्ही उत्तम’ एवढं पुरेल?

पेडणे: नाही पुरणार. आपल्या गोव्यात गाणाऱ्या अभिनेत्रींचा मोठा वारसा आहे. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त आणि १९४२ मध्ये ‘कुलवधू’त उभ्या राहिल्या. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगांवकर सत्यवती झाल्या. अशा भूमिकांत गद्यातून पदात, म्हणजे गाण्यात, जाण्याचा सांधा पाहायचा असतो. संवादाच्या शेवटच्या शब्दातला भाव पदाच्या पहिल्या ओळीत टिकला का? तान घेताना नजर समोरच्या पात्रावर राहिली, की पेटीवाल्याकडे गेली? पद लांबलं तेव्हा समोरचं पात्र प्रसंगात राहिलं, की नुसतं ताटकळलं? ‘वन्समोअर मिळाला’ हे जरूर नोंदवा, पण अभिनयाच्या परिच्छेदात नको. तो बहुतेकदा गळ्याला मिळालेला असतो.