टॉवेल युनिटच्या ऑफिसात दिवस कसा लावावा?

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटमध्ये बिलिंग आणि हिशेब एकाच माणसाकडे. दिवसभर फोन, गाडी लागली की बिलाची घाई, बँकेचा मेळ (आपल्या नोंदी बँकेच्या खात्याशी जुळवणं) रोज उद्यावर. काय करावं?

उत्तर १: मेळ सकाळी पहिल्या 45 मिनिटांतच, फोन सुरू व्हायच्या आत. संध्याकाळवर टाकलेलं राहतंच, गाड्या तेव्हाच भरतात. ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन जीएसटी परवान्याचा) भाग अ, म्हणजे मालाचा तपशील, दुपारीच भरून ठेवा, तो 15 दिवस चालतो. गाडी नंबर आला की फक्त भाग ब, म्हणजे गाडीचा तपशील. बिलाची मुदत तिथूनच मोजतात, साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस.

उत्तर २: अगदी बरोबर. पण आठपैकी सहाच तास नेमा, नाहीतर एका फोनने सगळं कोलमडतं. यादीत ‘जीएसटी’ असं मोघम नको. ‘बिल 41 ते 80, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) तपासणे’ असं लिहा. मग मध्येच उठलात तरी कुठून धरायचं ते कळतं.

उत्तर ३: जीएसटीचं विवरण दरमहा भरत असाल तर भिंतीवर पुढच्या महिन्याच्या तारखा लावा: 7 ला टीडीएस, म्हणजे कापलेला आयकर भरणं (मार्चचा 30 एप्रिल), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण), 20 ला जीएसटीआर-थ्रीबी (एकूण कराचं विवरण). प्रत्येकीच्या तीन दिवस आधीची सकाळ राखूनच ठेवा. शेवटच्या दिवशी पोर्टल हमखास रेंगाळतं.