चर्चा: संशोधनातल्या यशाचा सोयीचाच आकडा का सांगतात?

अनुस्वार
डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने जाहीर केलं की १९२ लेसर झोतांनी इंधनाच्या एका बारीकशा गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि अणुसंमीलनातून (हलके अणू एकमेकांत मिसळून) ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. 'घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली' असे मथळे जगभर झळकले. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. हा आकडा मथळ्यात कुठेच नव्हता.

औषधांचंही तेच. अल्झायमरवरचं लेकॅनेमॅब 'आजाराचा वेग २७ टक्क्यांनी कमी करतं'. हे २७ टक्के आले कुठून? आजार मोजायची १८ गुणांची एक पट्टी आहे. स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद, स्वतःची निगा अशा सहा बाबी, प्रत्येकीला ० ते ३ गुण. गुण जितके जास्त तितका आजार पुढे गेलेला. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ ने वाढले, औषधाविना असलेल्यांचे १.६६ ने. फरक ०.४५ चा. तो १.६६ च्या २७ टक्के, पण पट्टी १८ गुणांची.

माझं म्हणणं एवढंच: टक्के छापायचे तर मूळ फरकही त्याच ओळीत छापा. असं बरंचसं संशोधन लोकांच्या पैशावर चालतं.

दीर्घिका
पूर्णपणे असहमत. ती प्रयोगशाळा वीज बनवायला उभारलेलीच नाही. अण्वस्त्रांची चाचणी न करता त्यांचा अभ्यास करता यावा हा तिचा मुख्य हेतू. लेसरांची रचनाही गेल्या शतकातली, वीज वाचवणं हे तिचं उद्दिष्ट नव्हतंच. प्रश्न होता की ती गोळी पेट घेते का, म्हणजे लेसरने दिली त्याहून जास्त ऊर्जा देते का. कित्येक दशकं याचं उत्तर 'नाही' होतं, ते 'हो' झालं. २०२५ मध्ये त्याच यंत्रणेने एका प्रयोगात ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल मारली. ३०० चा आकडा खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि तो कुणी लपवलाही नव्हता, विचारणाऱ्याला मिळत होता.

अनुस्वार
@दीर्घिका, हेतू अण्वस्त्रांचा होता ना? मग घोषणा करताना स्वच्छ ऊर्जेचं भविष्य पुढे कशाला केलं? वाचणाऱ्याला वाटलं की वीजघर आता दाराशी आलं. 'विचारलं तर सांगू' हे दुकानदाराला शोभतं, शास्त्रज्ञाला नाही.

साकव
औषधाबद्दल मी बोलते. वडिलांना अल्झायमर आहे, त्यामुळे ती पट्टी मला चांगलीच ठाऊक आहे. ०.४५ वाचून 'काहीच नाही' म्हणणं सोपं आहे. पण स्मरणशक्तीत अर्धा म्हणजे थोडंफार विसरणं, आणि एक म्हणजे नुकतंच घडलेलं इतकं विसरणं की रोजचं जगणं अडायला लागतं. त्या अर्ध्या गुणात आमचं सगळं घर बदललं. म्हणून मूळ फरक छापलात तरी तो एकटा वाचणाऱ्याला फसवेलच. त्या गुणाचा अर्थ कोण सांगणार?

परीघ
साकव, तुमचा मुद्दा पोचला. पण ही सरासरी आहे. कुणाला बराच फायदा, कुणाला शून्य, आणि आपला माणूस कुठल्या गटात हे आधी कळत नाही. शिवाय दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, वरचेवर एमआरआय. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, तरी २७ च्या शेजारी १२.६ हवेच.

निरभ्र
खरा रोग मथळ्यात नाही, कामाची तपासणी किती उघडपणे होते यात आहे. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक (विजेला अजिबात अडथळा न करणारा) असल्याचा दावा झाला. कृती सगळ्यांसमोर होती, जगभरच्या प्रयोगशाळांनी ती करून पाहिली आणि काही आठवड्यांत उलगडा झाला: तांब्याच्या सल्फाइडची अशुद्धी. प्रचंड गाजावाजा झाला, पण नुकसान थोडं. उलट अल्झायमरवरचा २००६ चा एक बहुचर्चित शोधनिबंध मागे घ्यायला २०२४ उजाडलं. आक्षेप होता चित्रांमधल्या फेरफाराचा. अठरा वर्षं त्याचे दाखले दिले गेले! मूळ विदा (डेटा) उघड करण्याची सक्ती करा, मथळ्यांवर वेळ घालवू नका.

 

दीर्घिका
निरभ्र यांना +१. घोषणांवर नियम लादलेत तर संस्था बोलायच्याच बंद होतील, आणि निधी देणाऱ्यांना तरी काय दाखवणार?

साकव
दीर्घिका, संस्थांनी जरूर बोलावं. पण विदा उघड केली तरी ती वाचून निर्णय घेणं माझ्या आईला जमणार नाही. तिच्यासमोर डॉक्टर बसतात, हातात सहीचा कागद असतो आणि दहा मिनिटं असतात. त्या कागदावर २७, ०.४५ आणि १२.६ हे तिन्ही आकडे हवेत, आणि अर्ध्या गुणाने घरात काय बदलतं ते साध्या भाषेत. बातमीचं नंतर पाहू.