मदत हवी आहे : पेशी जिवंत आहे हे मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, विभाजन ही पेशीची कामं मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण ती खरंच चालू असलेली त्यांना डोळ्यांनी दिसावीत असं फार वाटतं.

श्वसनाचं जमतं. कोमट गुळाच्या पाण्यात यीस्ट घालून बाटलीला नळी जोडली, की निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिचं दुसरं टोक बुडवलेली चुन्याची निवळी दुधाळ होते. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवली, की रंगीत भाग पेशीभित्तिकेपासून सुटून मधे गोळा होतो. साधं पाणी घातलं की पुन्हा पसरतो. साल उकळली तर यातलं काहीच होत नाही, कारण पेशीपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण, कामातून गेलेलं असतं. हे पाहताना वर्ग अगदी चिडीचूप होतो.

अडलंय ते पेशीद्रव्याच्या हालचालीपाशी. तळ्यातल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसायला हवीत. आमच्याकडे ती जागची हलत नाहीत. सूक्ष्मदर्शक 400 पटींचा, पण आरशाचा, आणि पावसाळ्यात इकडे ऊन कुठलं! पाणीही गार. पान आधी दिव्याखाली कोमट पाण्यात ठेवावं का? किती वेळ? कोवळं घ्यावं की जून?

आणखी एक. कांद्याच्या मुळांच्या टोकांत विभाजन दाखवायला ॲसिटोकार्मिन हे रंगद्रव्य लागतं. बेळगावात ते सुटं, थोडं कुठे मिळेल? निपाणी-बेळगावकडच्या शिक्षकांनी कृपया सांगावं, पुढचा धडा तोच आहे.