सी ड्रायव्हर: रिप्लायमधून बनवलेला कर्सर १०१ डॉक्युमेंटनंतर का तुटतो?

प्रश्न
मोंगोडीबी या डेटाबेसच्या सी ड्रायव्हरमधून (सी भाषेतून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) मी अ‍ॅग्रीगेट कमांड थेट पाठवतो आणि आलेल्या रिप्लायपासून ‘मोंगोसी_कर्सर_न्यू_फ्रॉम_कमांड_रिप्लाय_विथ_ऑप्ट्स’ या फंक्शनने कर्सर (निकाल बॅचबॅचने वाचून देणारी वस्तू) तयार करतो. शेवटचा ऑप्ट्स (जादा पर्याय) हा आर्ग्युमेंट नल, म्हणजे रिकामा, असतो. एकट्या सर्व्हरवर हे सुरळीत चालते, परंतु रेप्लिका सेटमध्ये (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारे अनेक सर्व्हर) सेकंडरीवरून, म्हणजे दुय्यम सर्व्हरवरून, वाचताना नेमकी १०१ डॉक्युमेंट मिळतात आणि पुढे कर्सर सापडत नसल्याची ४३ क्रमांकाची एरर येते. शिवाय शेवटी रिप्लायवर बीसन_डिस्ट्रॉय (बीसन स्वरूपातल्या डॉक्युमेंटची मेमरी फ्री करणारे फंक्शन) केले की प्रोग्रॅम क्रॅश होतो. टेस्टमध्ये यातले काहीच घडत नाही.

उत्तर १
१०१ हा पहिल्या बॅचचा डीफॉल्ट आकार आहे आणि ती बॅच रिप्लायमध्येच आलेली असते. त्यापुढची डॉक्युमेंट आणण्यासाठी ड्रायव्हर गेटमोअर (पुढची बॅच मागणारी कमांड) पाठवतो, आणि कर्सर ज्या सर्व्हरवर उघडला गेला तो सोडून इतर कोणालाही त्याचा आयडी ठाऊक नसतो. आपण ऑप्ट्स नल दिल्यामुळे कमांड कोणाकडे गेली होती हे नव्या कर्सरला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून आधी मोंगोसी_क्लायंट_सिलेक्ट_सर्व्हर वापरून सर्व्हर निवडावा, त्याच्या डिस्क्रिप्शनमधून आयडी घ्यावा आणि तोच सर्व्हरआयडी कमांडच्या व कर्सरच्या, अशा दोन्ही ऑप्ट्समध्ये घालावा. कमांड स्वतः उघडलेल्या सेशनमध्ये चालवली असेल, तर ते सेशनही कर्सरला द्यावे लागते.

उत्तर २
क्रॅशचे कारण वेगळे आहे. हे फंक्शन रिप्लायची मालकी स्वतःकडे घेते, त्यामुळे कर्सर बनल्यानंतर त्या बीसनला हातही लावू नये. डिस्ट्रॉय करायचा तो फक्त कर्सर. बीसन लहान असेल तर त्याचे बाइट स्ट्रक्चरच्या आतच मावतात आणि चूक झाकली जाते, हीपवरच्या (स्ट्रक्चरबाहेर वेगळ्या घेतलेल्या मेमरीतल्या) मोठ्या रिप्लायला मात्र तीच मेमरी दोनदा फ्री होते. आणखी एक: रिप्लायमध्ये दोष असला तरी हे फंक्शन नल परत करत नाही, तेव्हा नल तपासून समाधान मानू नये, मोंगोसी_कर्सर_एरर विचारावे.

प्रश्नकर्ता
सर्व्हरआयडी दिल्यावर ४३ ची एरर गेली आणि ती डिस्ट्रॉयची ओळ काढल्यावर क्रॅशही थांबला. परंतु टेस्टमध्ये हे पकडता कसे आले असते?

उत्तर १
आपल्या टेस्टचा डेटा पहिल्या बॅचमध्येच संपत असणार, म्हणजे रिप्लायमधला कर्सर आयडी शून्य येतो आणि गेटमोअर कधी जातच नाही. कमांडच्या कर्सर या फील्डमध्ये बॅचसाइझ २ ठेवून पाच डॉक्युमेंट वाचून पाहा. तिसऱ्या डॉक्युमेंटलाच गेटमोअर जाईल. मात्र टेस्ट रेप्लिका सेटवर आणि सेकंडरी रीड प्रेफरन्स (सेकंडरीवरून वाचण्याची सेटिंग) देऊनच चालवावी.