प्रोटीन घातलेले चिप्स भरतीच्या तयारीत चालतील का?

नंदनवनची_धावपटू
पोलीस भरतीची तयारी करून राहिली. पहाटे ५ ला ग्राउंड: ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मग दिवसभर लायब्ररी. मेसचा डबा यायला रात्रीचे साडेआठ होतात आणि सहालाच पोटात कावळे ओरडतात. रूममेटनं प्रोटीनवाले चिप्स सुचवले. ६० ग्रॅमचं पाकीट, ५० रुपये. समोर मोठ्या अक्षरात ‘१० ग्रॅम प्रोटीन, लोह, बी-१२’. मागे बारीक अक्षरात २९२ कॅलरी, फॅट १६ ग्रॅम, सोडियम ४८० मिलिग्रॅम. महिनाभर रोज एक खाल्लं, चहासोबत. वजन दीड किलो वाढलं, ८०० ची वेळ ३:०५ वरून हलत नाही. साध्या चिप्सपेक्षा हे बरं ना?

सक्करदऱ्याचा_दादा
बहिणी, मी दुसऱ्या प्रयत्नात भरती झालो. पहिल्या वेळी मीही असंच केलं होतं, फक्त माझी प्रोटीनची बिस्किटं होती. म्हणून कळकळीनं सांगतो.

तूच दिलेले आकडे घे. १ ग्रॅम फॅटच्या ९ कॅलरी, म्हणजे १६ ग्रॅमच्या १४४. पाकिटातली जवळपास निम्मी ऊर्जा तेलाची. प्रोटीनच्या फक्त ४०. प्रोटीन खोटं नाही, अंगी लागतंच. पण ते घातलं म्हणून तेल काही कमी झालं नाही. डबा तोच ठेवून वर हे खाल्लंस, तर महिन्याला ८,७६० कॅलरी जास्तीच्या झाल्या. वजन कशानं वाढलं ते शोधायला दूर जाऊ नको.

तेवढंच १० ग्रॅम प्रोटीन ५० ग्रॅम फुटाण्यांत मिळतं, आणि फॅट ३ ग्रॅमच्या आसपास. इतवारीच्या बाजारात ५० रुपयांत पावशेर तरी फुटाणे येतात. खिशात टाक, लायब्ररीतच खा.

जवसाची_चटणी
मी आहारतज्ज्ञ आहे, भरतीच्या मुली नेहमी येतात. पोषकं घालणं वाईट नाही. मिठात आयोडीन घातल्यानं गलगंड कमी झाला, कारण मीठ सगळ्यांच्या पोटात रोज आणि थोडंसंच जातं. तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलं गेलं, तेही त्याचसाठी. चिप्सचं तसं नाही. लोह हवं म्हणून जास्त खाल, तर तेल-मीठही तितकंच जास्त जाईल. ४८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जवळ मीठ, दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेचं धोरणही हेच सांगतं, की कँडी आणि सोडा यांसारख्या पदार्थांत पोषकं घालणं योग्य नाही.

आणि चहा! त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. पाकिटावरच्या लोहाचा बराच भाग तुम्ही चहात घालवलात. फुटाण्यांवर लिंबू पिळा, किंवा हंगामात संत्रं खा. चहा तासाभरानं घ्या. वेळ हलत नाही तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या. धाप लवकर लागते का?

नंदनवनची_धावपटू
हो ताई, दुसऱ्या फेरीत लागते. हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं, वाटलं सरावच कमी पडतो. दादा, अर्धा किलो फुटाणे आणले, कांदा-लिंबू घालून डब्यात भरले. उद्या ग्राउंडवरून थेट रक्त तपासायला जाते, रिपोर्ट आला की इथंच टाकते.